डिंगोऱ्याची डुक्कर फियाट

७ सप्टेंबर
डिंगोऱ्याला पोचलो एकदाच्या, मी आणि माझी धाकटी बहीण अश्विनी. ज्याच्या गाडीचं काम घेतलंय त्या स्वराजने शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची छान सोय केलीय. शेजारी विहीर, पलीकडे झेंडूचा मळा. आणि शेडच्या मधोमध ती! ताडपत्री ओढली आणि मी चक्क टाळ्या पिटल्या. गोल पाठ, फेंदारलेलं नाक, अस्सल डुक्कर फियाट. स्वराजच्या पणजोबांची ही गाडी साठेक वर्षं इथेच उभी आहे. पत्रा शाबूत, इंजिन जागेवर. डायनामो, कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्युटर मात्र गायब. स्वराज पुण्यात नोकरीला असतो. त्याला गाडी जुन्या मोटारींच्या रॅलीत उतरवायचीय आणि अट एकच, सगळे पार्ट ओरिजिनल हवेत. जुन्या गाड्या दुरुस्त करताना माझीही तीच अट असते. इंजिन मी बघणार, गाद्यांची शिलाई अश्विनी. आई गेल्यावर तिला मीच वाढवलंय, तेव्हा तिच्या टाक्याला नावं ठेवायचा हक्कही माझाच.

१२ सप्टेंबर
पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. डुप्लिकेटचा नुसता सुकाळ. वर एक दुकानदार विचारतो, मिस्त्री कुठाय बाई? म्हटलं, समोर उभा आहे, डोळे तपासून घे. धुमसतच परतले.

गावात पार्टांचं विचारलं की सगळे आभाळाकडे बघतात. आज सारजाबाईंच्या अंगणात पाणी प्यायला थांबले, तर कोंबड्यांच्या डालग्यावर वजन म्हणून काय ठेवलेलं? आमचा डायनामो! उपडा, घाणीने माखलेला. मस्तकात तिडीक गेली. म्हातारी म्हणते, "न्येऊ नका बाई. झोपलंय त्ये, झोपू द्या." लोखंड झोपतं म्हणे! उचलला आणि घेऊन आले.

१९ सप्टेंबर
कार्बुरेटर सोमाजीच्या गोठ्यात सापडला, गव्हाणीखाली, तोही उपडाच. म्हणजे गावाने मिळून गाडी लुटलीय, घरटी एक पार्ट, आणि कुणाला लाज नाही. सोमाजीला नको नको ते बोलले. त्याने मान खाली घातली, पण कशाला नेला होता ते सांगितलं नाही.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा पार्ट, जुन्नरच्या अकबरभाईंकडे निघाला. त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. फडक्यात गुंडाळून मुकाट्याने दिला. शेडवर येऊन पुसला, तर काजळीखाली लेथच्या ताज्या रेघा, म्हणजे नव्याने घडवलेला! माझ्या तोंडाला पानं पुसतात! मला!

सकाळी बोनेट गरम लागलं. अश्विनी म्हणाली, ऊन असेल. शेडमध्ये ऊन येत नाही.

२४ सप्टेंबर
तो नकली तुकडा अकबरभाईंच्या टेबलावर आपटला. रस्त्यावरची माणसं जमेपर्यंत आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, गाडी चालू होऊ नये म्हणूनच मुद्दाम चुकीचा केला होता. त्यांच्या आजोबांनी डिंगोऱ्याच्या गावकऱ्यांना शब्द दिला होता. कसला शब्द, ते सांगेनात. शेवटी त्यांच्या आई बिबिजान आतून खरा पार्ट घेऊन आल्या. म्हणाल्या, न्यायचा तर ने, पण खंडेनवमीला त्या गाडीला हळदकुंकू लावू नको, फूल वाहू नको. आमच्या घरानेही याला कधी लोबान दाखवला नाही.

मी ऐकवलं, माझ्या गॅरेजात खंडेनवमीला पाना सुद्धा पूजेवाचून राहत नाही. मला शिकवू नका.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
तिन्ही पार्ट बसले. बॅटरी अजून खोक्यातच आहे.

सकाळी सारजाबाई दारात आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, एवढी पूजा सोडा. गावात कोयत्याला झेंडू, पंपाला झेंडू, ट्रॅक्टरला तर हार. आणि या बिचारीला साठ वर्षं उपाशी ठेवलं! माझा संताप अनावर झाला. त्यांच्यासमोरच हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. पाणी बोनेटवर सांडलं. खाली एक थेंब आला नाही.

मग हॉर्न वाजला. बॅटरी खोक्यात आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
अश्विनी मागच्या सीटवर शेवटचे टाके घालत होती. दार आपोआप लागलं. इंजिन सुरू झालं. मी काचेवर हातोडा घातला, ओरखडा उठला नाही. ती आतून काच बडवत होती, ताई, ताई —

स्टिअरिंगवर कुणी नव्हतं. गाडी फाटकातून गेली. लोक बाजूला झाले. एकही आडवा आला नाही. षंढ साले.

दुपार
गाडी धरणाच्या काठी सापडली. रिकामी. इंजिन तापलेलं. सीटमध्ये सुई, दोरा ओवलेला. पाण्यात माणसं उतरवली, काही नाही.

आत्ता सारजाबाई बोलल्या. गाडीने आधी स्वराजच्या पणजोबांची मुलगी नेली, मग ड्रायव्हर, मग एक नवरी. दर वेळी गाडी रिकामी परतली. म्हणून गावाने ती खोलून पार्ट घरोघर वाटले. पूजा करायची नाही, पूजेने जागी होते. तिने काय केलं ते तोंडाने सांगायचंही नाही, तेही तिला पुजण्यासारखंच; आता जागीच झालीय म्हणून सांगितलं.

ओरडले, आधी सरळ सांगितलं असतं तर याच हातांनी मोडली असती! म्हातारी रडत म्हणाली, "सांगितलं व्हतं की बाई. तुमी आयकलं न्हाई."

खरंय. नाही ऐकलं. आग लागो माझ्या तोंडाला.

३ ऑक्टोबर
शेडमध्ये ओढून आणली. डिस्ट्रिब्युटर काढला — इंजिन चालूच. कार्बुरेटर हातात आहे — चालूच. माझ्या हातावर उड्या मारतोय, जिवंत —

पुढचं दार उघडलंय. आपणहून.

बरं. माझ्या बहिणीला जिथे नेलंस तिथे मलाही ने. हातोडा घेतलाय. भीत नाही तुला.

बसले. निघालीय. स्टिअरिंग फिरतंय, मी हात लावलेला नाही. अक्षर नीट येत नाही —

आरशात अश्विनी. मागे. तिच्यापलीकडे दोन वेण्यांची पोर, खाकीतला माणूस, मुंडावळ्या — सगळे समोर बघतात. ओरडले, अशे, उडी मार! हलत नाही —

हातोडा उचलवत नाही. डावा हात स्टिअरिंगला चिकटलाय —

ती सरकतेय. बाजूला. जागा करतेय. म्हणते, ताई, ये ना, मागे —

मी तर पुढे बसलेय, पुढे बस