भुरी, बोक्या आणि पायरीचं कलम

मी, पुष्पा गोविंदराव सोमकुंवर, वय अडुसष्ट, अविवाहित, तहसील कार्यालयातून निवृत्त लिपिक, राहणार सौंसर, जिल्हा पांढुर्णा (मी नोकरीत होते तेव्हा छिंदवाडा), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरी येतंच कोण. नोकरीभर हिंदीत लिहिलं, हे मात्र मराठीत लिहिते. कचेरीला अडचण वाटल्यास त्यांनी भाषांतर करून घ्यावं. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. यापूर्वी एकही केलेलं नाही, पण असं लिहावं लागतं.

कलम १. राहतं घर, अंगण आणि मागचं संत्र्याचं एकुलतं झाड मी माझ्या थोरल्या भावाची मुलगी पल्लवी, राहणार नागपूर, हिला देते. अट एवढीच की माझी मांजर भुरी आणि तिचा मुलगा बोक्या जिवंत असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि दोघांना बाहेर काढू नये. ही अट घालावी लागते, कारण पल्लवीचे यजमान प्रफुल्ल यांनी माझ्याच घरी चहा पिताना दोघांना पोत्यात घालून तिगाव स्टेशनवर सोडून द्यावं, असा सल्ला दिला होता. त्यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. चहा दिला तो दिला.

कलम २. गळ्यातली साखळी पल्लवीची मुलगी शिवानी हिला. शेजारच्या लीलाबाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवता येत नाही, म्हणून दूध तापवायचा पितळी गंज आधीच देऊन टाकला आहे. त्यांनी तो घासून ठेवावा, ही विनंती.

कलम ३. बँकेतल्या ठेवीचं व्याज दोन्ही मांजरांच्या खाण्यापिण्याला आणि औषधाला. त्यांच्यानंतर मूळ रक्कम वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाला.

कलम ४. पिसवा. हे लिहायचा कंटाळा आला आहे, कारण सांगून सांगून तोंड दुखलं. पण मी नसताना सांगणार कोण? पिसू मांजराच्या अंगावर दिसते, पण तिची अंडी-पिल्लं फरशीच्या फटीत आणि गोधडीत असतात. नुसतं मांजर धुऊन काही होत नाही. गोधड्या कढत पाण्यात धुवाव्यात, कडक उन्हात टाकाव्यात, कोपरे रोज झाडावेत. बारीक दातांच्या फणीने विंचरावं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. काळे कण पडले तर ओल्या कापसावर ठेवून बघावेत. लाल उतरले तर ती पिसवांची घाण समजावी. औषध फक्त जनावरांच्या डॉक्टरने वजन करून दिलेलं, मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, आणि दोघांना एकाच दिवशी लावावं. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नये. घासलेट, डांबरगोळ्या, कापूर, कोणाच्या आजीचा उपाय, काहीही लावू नये. आणि कपाशीच्या किडीवरची पावडर घरात आणूच नये.

कलम ५. या शेवटच्या वाक्याचं कारण लिहून ठेवणं भाग आहे.

भुरीच्या आधी माझ्याकडे चांदणी होती, पांढरीशुभ्र. पल्लवी लहानग्या शिवानीला घेऊन आली, पोरीच्या पायांवर पिसवांचे फोड उठले, आणि पल्लवी दुसऱ्याच दिवशी परत गेली. मग मी पेन्शनच्या कामाने छिंदवाड्याला गेले. माझा धाकटा भाऊ सुखदेव भिंतीपलीकडे राहतो, बोरगावला त्याची कपाशी आहे. ताई यायच्या आत हिच्या पिसवा घालवू, म्हणून त्याने वावरातली पावडर आणली आणि लेकराला पावडर लावावी तशी चांदणीला चोळली. मांजर अंग चाटतं. मी बसमधून उतरून घरी आले तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता आणि सुखदेव तिला मांडीवर घेऊन पायरीवर रडत बसला होता.

"मी पिसवा मारून राहिलो होतो ताई, तिले नव्हतो मारून राहिलो," तो म्हणाला. "मले काय मालूम ते चाटन म्हणून."

मी म्हटलं, "आजपासून माह्या घरची पायरी चढू नको."

तो चढला नाही. आमची आई गेली तेव्हासुद्धा मला न्यायला तो अंगणातच उभा राहिला. मला वाटलं होतं चार दिवसांत येईल, भांडेल, आणि मी ओरडून मोकळी होईन. त्याने शब्द पाळला आणि माझी पंचाईत केली.

भुरी आली त्यानंतर मात्र दर महिन्याला भिंतीवर औषधाची पुडी दिसू लागली. सुखदेवला इंग्रजी वाचता येत नाही. लीलाबाई सांगतात, तो डॉक्टरकडून मांजराचंच आहे ना हे विचारून घेतो, मग रस्त्यात मेडिकलवाल्याकडून वाचून घेतो, मग घरी आल्यावर पल्लवीला फोनवर फोटो पाठवून पुन्हा विचारतो. मी पुडी उचलते, औषध लावते, काही बोलत नाही. आता या न बोलण्याचाच थकवा आला आहे.

तरी माझ्यानंतर भुरी आणि बोक्या यांचा सांभाळ सुखदेवने करावा. पल्लवीला वेळ नाही, प्रफुल्लकडे पोतं आहे. मांजराला काय लावू नये, हे आमच्या घराण्यात त्याच्याइतकं कोणाला कळलेलं नाही. घराची एक किल्ली त्याच्याकडे राहील.

कलम ६. वरची सर्व कलमं माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. सुखदेवला पायरी चढायची मनाई मात्र आजपासून रद्द.

सहीपूर्वीची नोंद. हे कलम वाचून दाखवल्यावर साक्षीदार लीलाबाई मला न विचारता उठल्या आणि भिंतीवरून ओरडल्या, "सुखदेवभाऊ, ताई बोलावून राहिली!" तो फवारणीवरून नुकताच आला होता. तसाच धावत आला आणि पायरीखाली थांबला. उंबऱ्यात भुरी बसली होती. ती त्याच्याकडे निघाली तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"ताई, तिले धर," तो म्हणाला. "माह्या कपड्याले औषध आहे. आंघोळ करून येऊ का?"

मी भुरीला उचललं. म्हटलं, "जा, करून ये. चहा ठेवते."

चहा झाला, आता सही करते. कागदावर चहाचा डाग पडला आहे, तो माझाच समजावा.

(सही) पुष्पा गोविंदराव सोमकुंवर

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली, आणि पुष्पाबाईंच्या समक्ष आम्ही केली:
१. लीलाबाई डोंगरे, शेजारी (अंगठा)
२. गजेंद्र ढोके, निवृत्त पोस्टमन (सही)

स्थळ: सौंसर
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५