दादाच्या तलवारीवरच्या लाटा

दादा,

तुझी तलवार मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली: "नक्षी पुसट झालीय, उठून दिसेल असं कर. रविवारी पाहुणे आहेत." जुनी हत्यारं उजळून देणाऱ्या बहिणीला "कशी आहेस" एवढं विचारलं असतंस तर शाई संपली नसती.

बाबा गेल्यावर दोन तलवारींची वाटणी तूच केलीस. लाटांच्या नक्षीची उचललीस आणि गंजलेली माझ्याकडे सरकवलीस. "नाहीतरी तुला घासायला काहीतरी लागतंच," म्हणालास. वहिनी हसली.

काल तुझं पातं घासून लख्ख केलं आणि अ‍ॅसिडचा बोळा फिरवला. जुन्या जातिवंत पोलादाची नक्षी त्याच्या पोटात असते. कितीही घासा, अ‍ॅसिड लागलं की ती परत वर येते. तुझ्या पात्यावर काहीच आलं नाही. स्वयंपाकघरातली सुरी बरी. त्या लाटा कुंचल्याने काढलेल्या होत्या, आणि एकूणएक डावीकडे झुकलेल्या, हे मी घासण्याआधीच पाहिलं होतं. आपल्या घरात डावखुरे एकटे बाबाच.

माझ्या गंजक्या तलवारीवर मी पहिल्याच वर्षी अ‍ॅसिड फिरवलं होतं. वाहत्या पाण्यासारखी नक्षी वर आली. तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

हे पत्र खणातच राहील. तलवार मात्र शनिवारी पोचेल. लाटा मी पुन्हा काढल्यात, माझ्या हाताने, म्हणून उजवीकडे झुकलेल्या. तुला फरक कळणार नाही. बाबांनी तुला बरोबर ओळखलं होतं.

तुझी,
घासणारी