लॅव्हेटरीचं एस्टिमेट

नांदुरा, १ जून १९६४. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. उद्देश फक्त शिस्त. अठरा वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क असलेल्या माणसाला घरचं एक काम जड जाऊ नये.
काम: परसाच्या टोकाचा जुना संडास पाडून मागच्या दाराला लागून नवी लॅव्हेटरी. चिनी मातीचं भांडं, सेप्टिक टँक, सगळं मॉडर्न. न्हाणीला हात लावायचा नाही. म्हणजे काम अर्धंच.
निमित्त: विमलचं पहिलं बाळंतपण. ऑगस्टात सातव्यात माहेरी यायची आहे. गेल्या महिन्यात आखाजीच्या सणाला आली होती तेव्हा संडासाच्या वाटेवर, विहिरीचं पाणी वाहतं तिथल्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली. काही झालं नाही. पण अमरावतीला व्याह्यांच्या कानावर गेलंच. रामरावांचं पत्र आलंय: सोय झाल्याचं कळवा, मी स्वतः पोरीला घेऊन येतो.
कळवून टाकलं. सोय झाली, असं. आज ना उद्या होणारच आहे.

२ जून. रात्री.
एस्टिमेट तयार. भांडं ४५, विटा ६०, सिमेंट ८०, मिस्त्री-मजूर ९०, दार आणि पत्रे ४०, किरकोळ १०. एकूण ३२५. हाती ३५०. पैकी दीडशे सौ. कौशल्याबाईंच्या म्हशीच्या दुधाचे. तिने ते मीठमिरचीच्या डब्यातून काढून दिले, नोटांना वास येतो. पंचवीस रुपये शिल्लक! सरकारने माझ्याकडून शिकावं.
सौ. म्हणाली, बाकीचं होईल तवा होईल, पह्यले तेवढा तो दगड हालवा. समजावलं की जी वाट बंदच करायची तिच्यावर वेळ घालवणं म्हणजे अडाणीपणा. म्हशीला पाणी पाजायला उठून गेली. पटलं असावं.

८ जून.
कडूबा मिस्त्री येऊन जागा बघून गेला. आठ दिवसांचं काम म्हणाला. पण म्हणे, बाबूजी, पाणी पडलं का मी वावरात, मंग मले हाका मारू नका. मी म्हटलं, आठ दिवसांत कुठला पाऊस! माझं प्लॅनिंग पक्कं असतं.

११ जून.
आज एक जबरदस्त खरेदी. जिनिंगच्या जुन्या बंगल्यातलं सामान निघालं, त्यात विलायती वॉश-बेसिन. दोन नळ, एक गरम, एक थंड. फक्त ३५ रुपये! शिल्लक २५ आणि किरकोळ १०, बरोबर ३५. बजेटवर बोजा शून्य.
सौ.ने विचारलं, घरात नळ कुठी आहे? हिला दूरदृष्टी कमी.

१३ जून.
पाऊस पडला. कडूबाने गुडघाभर खड्डा खंदला आणि पेरणीला गेला. दुसरा मिस्त्री पाहायला अख्खं नांदुरा पालथं घातलं. एक जण सापडला, तोही तिफण खांद्यावर घेऊन निघाला होता. मृगात ह्या जिल्ह्यात कोणी खड्डे खंदत नाही, हे जन्म इथेच काढून माझ्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे राहिलं होतं. बजेटमध्ये बसत नव्हतं.
एक फायदा: मजुरीचे पैसे वाचले.

२ जुलै.
वाचलेल्या मजुरीतून गच्चीवर पाण्याचा ड्रम आणि पाइप. ६२ रुपये. आरसा ९. बेसिनवर आरसा नसेल तर माणूस बघणार कुठे?
कडूबा बाजारात भेटला. म्हणाला, पह्यले खड्डा लागते बाबूजी, आरसा मंग. त्याचं शिक्षण दुसरी.

१८ जुलै.
मलकापूरला तीन खेपा घातल्यावर सिमेंटचं परमिट मिळालं. मागितली दहा पोती, मिळाली सहा. शेजारचे उकंडराव दारात उभेच होते. विहिरीचा काठ ढासळला, चार पोती उसनी द्या, माह्यं परमिट आलं का वापस करतो. नाही कसं म्हणणार? गावात मला मान आहे.
दोन पोती उरली. पुष्कळ झाली.

२६ जुलै.
बेसिन मातीच्या भिंतीत बसवलं, भिंतीसकट खाली आलं. बेसिन शाबूत. विलायती माल! दोन पोती सिमेंट वापरून भिंत पक्की केली, मी स्वतः. रविवार कामी आला.
सौ. रात्री बोलली, तुमी हे काऊन करून राह्यले? पोरीले तोंड धुवाले नाही बोलावून राह्यलो आपण. मी एस्टिमेट काढून बघितलं. एस्टिमेट उत्तम आहे.

५ ऑगस्ट.
विमलचं पत्र, आईच्या नावे. मी फोडलं. लिहिते, आई, मला नवीन काही नको, वाट तेवढी कोरडी असू दे, मला घरी यायचंय. पोर साधी आहे. तिला सरप्राइज मिळणार.
खड्ड्यात पाणी साचलंय. बेडूक आहेत. सोयीबाबत रिव्हाइज्ड एस्टिमेट: ५१०. भांडं, विटा, पत्रे ह्यांचे पैसे आगाऊ देऊन आणि मलकापूरच्या खेपा वजा जाता हाती १३.

१९ ऑगस्ट. संध्याकाळी.
रामराव विमलला घेऊन दुपारच्या गाडीने आले. पोर सुरेख दिसत होती, जरा वाळली होती फक्त. व्याह्यांना थेट बेसिनकडे नेलं. सौ.ने सकाळपासून विहिरीचं चौदा बादल्या पाणी वर चढवून ड्रम भरला होता. मी थंड नळ सोडला. पाणी आलं! पूर्ण धारेने आलं आणि बेसिनच्या खालून, तिथे पाइप लावायचा राहिला होता, व्याह्यांच्या जोड्यांत गेलं.
त्यांनी जोडे काढून झटकले. बाकीचं कुठे आहे, विचारलं. मी प्लॅनचा कागद दाखवला. त्यांनी मागच्या दारातून खड्डा बघितला, मग वाट बघितली, मग तो दगड. रागावले नाहीत. रागावले असते तर मी बोललो असतो. म्हणाले, चहा घेऊ, सातच्या पॅसेंजरने परत जातो, सूनबाईले संगं नेतो, वाईट वाटून घेऊ नका.
विमल आईच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडताना म्हणाली, बाबा, आरसा छान आहे.

२० ऑगस्ट.
आता घाई नाही. ह्यापुढे काम शांतपणे आणि दर्जेदार करता येईल.

४ ऑक्टोबर.
सौ. अमरावतीला गेली. बाळंतपणानंतरचा सव्वा महिना झाल्याशिवाय येणार नाही. म्हैस उकंडरावांकडे बांधून गेली, दूध त्यांनीच घ्यायचं ठरलंय. ती निघताना मी तिच्या दीडशेचं काय ते नंतर बघू म्हणालो. म्हणाली, ऱ्हाऊ द्या.

२९ ऑक्टोबर. सकाळी ८.
काल तार आली. मुलगी झाली, दोघी खुशाल. नात माझी, जन्मली लोकांच्या घरी.
पहाटे लोटा घेऊन परसात गेलो. अंधार होता. त्या दगडावरून घसरलो, पार आडवा. कौशल्ये, म्हणून हाक मारली. दोनदा मारली. मग आठवलं.
उजाडल्यावर पहार आणली आणि दगड उचकटून उलटा केला. खालची बाजू खरबरीत निघाली. वर उभा राहून पाय घासून बघितला, घसरत नाही. पाणी जायला बाजूने वीतभर चर काढला. वाट तासाभरात कोरडी झाली.
एकूण वेळ: दहा मिनिटं. खर्च: काही नाही.