नायकाविषयी सभासदांचं मत

१२ ऑक्टोबर
दिवाळी झाली की आमच्या गावची मंडई. दिवसा जत्रा, रात्री नाटक. नाट्यमंडळाचा अध्यक्ष मी, आणि पहिल्यापासून नायकही मीच. आज बैठकीत कोणीतरी मागून पुटपुटलं, यंदा अश्विनला घ्या. पोरगा मूल शहरातल्या राइस मिलमध्ये कामाला आहे, आवाज बरा आहे. मी लगेच जाहीर केलं, प्रत्येक सभासदाचा फीडबॅक घेतो. शेवटी लोकशाही आहे. शिवाय रिझल्ट मला माहीतच आहे.

१५ ऑक्टोबर
फीडबॅक घरोघरी जाऊन घ्यायचा. व्हॉट्सॲपवर माणसं खरं बोलत नाहीत. संकल्प: फक्त ऐकायचं.

१६ ऑक्टोबर, सकाळी
दिग्दर्शक श्रीहरीला गाठलं. विळा घेऊन लवकर पिकणारं हलकं धान कापायला निघाला होता. माझं काम कसं वाटतं, विचारलं. त्याला नीट आठवावं म्हणून मागच्या वर्षीचा रडण्याचा सीन बांधावरच करून दाखवला. बरं आहे म्हणाला आणि भराभर निघून गेला. बहुधा डोळे भरून आले असावेत.

१८ ऑक्टोबर
मंडळाच्या जुन्या सभासद बुधरीबाई मात्र बारकाईनं बोलल्या. "मागच्या साली तुम्ही खाली बसले अन् हिरोइननं हात देऊन उठवलं, तो सीन लई मस्त झाला भाऊ." असा सीन लिहिलेलाच नव्हता. गुडघ्यानं दगा दिला होता. पण अभिनय म्हणतात तो हाच.

२१ ऑक्टोबर
जिथे जावं तिथे आधी तब्येतीची चौकशी. बिरजूनं तर खुर्ची अंगणात आणून दिली. आता आराम करा भाऊ, असं बऱ्याच घरी ऐकलं. इतकं प्रेम आहे, कल्पना नव्हती.

२२ ऑक्टोबर
साधनालाही विचारलं. बायको असली तरी सभासद आहे. म्हणाली, "ते सारे तुमचं मन राखून राह्यले. तोंडावर कोन नाई म्हनन?"
हे घरगुती मत. हिशेबात धरलं नाही.

२५ ऑक्टोबर
बैठक. सर्वांची पसंती मलाच, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. तिथेच थांबायला हवं होतं. पण वाटलं, दूध का दूध होऊनच जाऊ दे. कोणाला संकोच नको म्हणून सगळ्यांना डोळे मिटून हात वर करायला लावले. अध्यक्ष म्हणून माझे उघडे.
अश्विनच्या नावाला एक सोडून सगळे हात वर. साधनाचाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
माझ्या नावाला एकच हात. अश्विनचा.

२ नोव्हेंबर, रात्री
मंडळानं माझा मान राखला आहे. मी नायकाचा स्वर्गवासी बाप. भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत मी स्टेजवर असणार, हे नायकालाही जमत नाही.
आज तालमीत अश्विन फोटोच्या पाया पडला. मनापासून पडला. मला राहवलं नाही, विंगेतून मोठ्यानं म्हणालो, सुखी राहा बाळा.
श्रीहरीनं तालीम थांबवली.
"भाऊ," तो हळूच म्हणाला, "फोटो बोलत नाई."