सातव्या पायरीचे बोल्ट

प्रिय मिस्त्री,

हे पत्र तुला मधवाल्याच्या हातून मिळेल. उद्या सकाळी तो शहरात बाटल्या पोचवायला निघतोय, जाता जाता आपल्या दारात देईन म्हणाला. बहिणीकडे जाते असं तुला सांगून निघाले, ते खोटं होतं. मी इथे वर, आपल्या गवताच्या कोठीत आहे. तू ज्याचे तीनच पाय घासून गुळगुळीत केलेस त्या टेबलावर कागद ठेवून, खिडकीपाशी बसले आहे. काळजी करू नकोस, बसने आले, आणि फाट्यापासून काठी टेकत, तीन ठिकाणी बसत बसत वर चढले. पाय दुखतोय, पण तो घरी बसूनही दुखतोच. सोमवारी हे घर विकत घेणारे ते नवराबायको सह्या करायला येणार आहेत. त्याआधी हे शेवटपर्यंत वाच, एवढंच माझं मागणं. वाचता वाचता मधेच चष्मा काढून ठेवायची आणि 'कळलं' म्हणायची तुझी सवय मला माहीत आहे. आज तसं करू नकोस.

चौदा महिन्यांनी आले मी इथे. कुलूप गंजलं होतं, मधवाल्याने तेल घातलं तेव्हा उघडलं. आत ओल्या गवताचा तोच वास. आपण एवढा चुना लावला, फरशी घातली, तरी घर आपलं जुनं काम विसरलेलं नाही. उंदरांनी मी शिवलेल्या पडद्यांची खालची पट्टी कुरतडली आहे, तीही अगदी सरळ रेषेत, मला लाजवेल अशी. भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली तुझी मापं तशीच आहेत. तुझी हत्यारांची पेटी कोपऱ्यात आहे, वर धूळ. ती मधवाल्याला देऊन टाकायची असं तू त्याला फोनवर सांगितलंस म्हणे. त्याने ती उचलली नाही. मला म्हणाला, "वहिनी, माणूस जिवंत असताना त्याची पेटी न्यायला मला बरं नाही वाटत." हाच मधवाला आपल्याला हसायचा, आठवतं? तुमचं घर म्हणजे अर्धी दाढी करून उठलेला माणूस, म्हणायचा. सात वर्षं दर शनिवारी येताय आणि एक गोष्ट धड पुरी नाही.

त्याला आपण कधीच खरं कारण सांगितलं नाही. लोकांना सांगण्यासारखं ते नव्हतंच. पहिल्याच रविवारी आपण ही खिडकी पुसत होतो, आठ काचांपैकी सात झाल्या आणि उजेड संपला. परतताना गाडीत तू म्हणालास की ती आठवी काच डोळ्यासमोरून हलत नाही. मग सोमवारी तू कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना, मी दुकानात पडद्यांना चुण्या घालताना, दोघांच्याही डोक्यात ती एकच काच. बुधवारी तू दुपारी मला दुकानात फोन केलास, फक्त "काच" एवढं बोललास आणि ठेवलास. मालकिणीला वाटलं, कुठे काहीतरी फुटलं. त्या शनिवारी आपण न्याहारी न करता निघालो. तेव्हापासून ठरलं, दर रविवारी निघताना एक छोटंसं काम मुद्दाम ठेवायचं, शनिवारसाठी. एका रविवारी तू, एका रविवारी मी. ज्याची पाळी नसेल त्याने कुलूप लावताना विचारायचं, "काय राहिलं?" आणि दुसऱ्याने सांगायचं. बिजागरीचा एक स्क्रू. कोनाड्याला चुन्याचा शेवटचा हात. टेबलाचा चौथा पाय. उरलेला खिळा किंवा स्क्रू खिडकीतल्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचा. सात वर्षांत मला दागिना किंवा प्रवास यांची आठवण कधी झाली नाही, पण ती बरणी मात्र शुक्रवारपासून दिसायला लागायची.

आणि तुझी लाल रेघ! लिफ्टवाल्यांची सवय तू घरी घेऊन आलास. बोल्ट आवळला की नटावरून बोल्टच्या टोकावर एक बारीक लाल रेघ ओढायची, म्हणजे नंतर नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. लिफ्टमध्ये ते ठीक, पण तू इथे फळीला, नळाला, एवढंच काय माझ्या शिवणयंत्रालाही रेघा मारल्यास. मी चिडवायचे की आता माझ्याही कपाळावर एक ओढून टाक, मी सैल झाले तर कळेल. तू गंभीरपणे म्हणायचास की रेघ म्हणजे माझी सही. तीस वर्षं शेकडो माणसं तुझ्या त्या सहीवर विसंबून वरखाली गेली, आणि त्यांना तुझं नावही माहीत नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता. तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

मग मी पडले. त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. मी गाद्या घेऊन माळ्यावर चढत होते, सातवी पायरी डावीकडे फिरली आणि मी फरशीवर. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मला आला, तुला पायरीचा आला. तू मला उचलून गाडीत ठेवलंस, आणि नंतर, मी दवाखान्यात असताना, एकटा इथे येऊन जिना तपासलास. पायरीला चार बोल्ट हवेत, डावीकडचे दोन नव्हते. बरणीत पाहिलंस, बरणी रिकामी. म्हणजे ते शनिवारसाठी ठेवलेले नव्हते, म्हणजे ते घालायलाच तू विसरलास. असा हिशेब तू मांडलास आणि माझ्या खाटेपाशी येऊन, माझ्या पायाकडे बघत म्हणालास, "मला आवळल्याचं आठवतंय. रेघ मारल्याचंही आठवतंय. पण बोल्टच नाहीत, तर आठवणीला काय चाटायचंय? माझ्याच हातून राहिलं गं."

त्यानंतरचे तीन महिने. तू मला न्हाऊ घातलंस, केस विंचरलेस, सुरुवातीला गुंता ओढून रडवलंस आणि मग शिकलास. सकाळी चहा, तोही माझ्या आवडीचा, साखर कमी. सव्वीस वर्षांच्या संसारात हातात पाना नसताना तू माझ्याजवळ कधी इतका वेळ बसला नव्हतास. खरं सांगू? मला ते आवडलं. पाय प्लास्टरमध्ये, कूस बदलता येत नाही, आणि तरी मी सुखात होते. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते आहे.

एक दिवस तू कामावरून लवकर आलास आणि सांगितलंस की साहेबांकडून कचेरीतलं बसून करायचं काम मागून घेतलं, आता फक्त तक्रारींचे फोन घ्यायचे. म्हणालास, बायकोच्या पायाखालची पायरी ज्याला नीट बसवता आली नाही त्याने दुसऱ्यांची लेकरंबाळं दहा मजले वर का न्यावीत? त्यावर मी म्हणाले, बरं झालं, तेवढाच आराम. एवढंच म्हणाले मी, आणि तू मान हलवून चहा ठेवायला गेलास.

गेल्या गुरुवारी आपल्या इमारतीची लिफ्ट मधेच अडकली, वरच्या मजल्यावरच्या आजी आत. सगळ्यांनी तुला हाका मारल्या. तू पाना घेऊन धावलास आणि दारापाशी जाऊन नुसता उभा राहिलास. मी जिन्याच्या वरच्या वळणावरून पाहिलं, तुला ते माहीत नाही. तू पाना खाली ठेवलास, कंपनीचा माणूस बोलवा म्हणालास, आणि तो येईपर्यंत चाळीस मिनिटं दाराच्या फटीला तोंड लावून आजींशी बोलत बसलास. त्यांच्या सुनेची तक्रारही ऐकून घेतलीस. शेवटी त्या सुखरूप बाहेर आल्या, सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली, आणि तू घरी येऊन बेसिनपाशी कितीतरी वेळ हात धूत राहिलास. त्याच संध्याकाळी घर घेणाऱ्यांना फोन करून तू सोमवार पक्का केलास.

आता पडण्याच्या तीन आठवडे आधीचा रविवार. तू सकाळपासून घाईत होतास. जिन्याच्या अकराही पायऱ्या संपवल्यास, टेबलाच्या चौथ्या पायालासुद्धा हात घालणार होतास. माझी ठेवायची पाळी होती, आणि तू माझ्यासाठी काहीच ठेवत नव्हतास. मी तसं म्हणाले तर तू म्हणालास, पुरे झाला तो खेळ, वर्षअखेर आपण इथेच राहायला येणार. मग सहज, हात पुसता पुसता सांगितलंस की दुकानाच्या मालकिणीला मी बोललोय, तू डिसेंबरपर्यंतच येशील म्हणून. माझं दुकान, माझी बावीस वर्षांची जागा, खिडकीजवळचं माझं यंत्र. तू परस्पर सांगून आलास. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि नेहमीसारखं माझ्या तोंडाला कुलूप लागलं. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. मला हे घर पुरं व्हायला नको होतं रे. पुरं झालं की शनिवार संपणार, आणि मग उरणार तू, मी आणि आठवड्याचे सातही दिवस, आणि आपल्याला एकमेकांशी काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

तू गाडीत सामान भरत होतास. तुझा पाना जिन्यावरच होता. मी सातव्या पायरीपर्यंत चढले आणि डावीकडचे दोन बोल्ट काढले. जोर लावावा लागला, दोन्ही हातांनी, इतके घट्ट आवळलेले होते ते. माझ्या पाळीचं काहीतरी राहायलाच हवं, एवढंच डोक्यात होतं. रागात ते बरणीत टाकले नाहीत, पर्समध्ये टाकले. तू कुलूप लावताना विचारशील तेव्हा सांगेन, असं ठरवलं होतं. तू विचारलं नाहीस. तुझ्यासाठी खेळ संपला होता ना. गाडीत सांगेन म्हटलं, पण गाडीत आपण बोललोच नाही. मग तुझी ताई आजारी पडली, दोन शनिवार तिच्या उशाशी गेले, आणि मी विसरले. देवाशपथ विसरले. नाहीतर गाद्या घेऊन मीच त्या पायरीवर पाय ठेवला असता का? फरशीवर पडल्या पडल्या आठवलं. तू मला उचलत होतास तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि त्यानंतर चौदा महिने, रोज सकाळी चहाचा कप हातात घेताना, माहीत होतं.

तुझ्यावरचा राग कधीच गेला. आधी भीती वाटत होती की कळलं तर तू उठून जाशील. नंतर सांगायला उशीर झाला म्हणून सांगता येईना, आणि रोज उशीर वाढत गेला. तू माझी सेवा केलीस ती अपराधाच्या ओझ्याखाली, आणि ते ओझं माझं होतं. गुरुवारी तुला पाना खाली ठेवताना पाहिलं नसतं तर मी आयुष्यभर गप्प राहिले असते. एवढी वाईट आहे मी, हेही तुला कळू दे.

घर विकायचं तर वीक, मिस्त्री. मी अडवायला लिहिलेलं नाही, आणि क्षमा मागायचं तोंडही मला नाही. तू ये असंही म्हणत नाही. मी सोमवारपर्यंत इथेच आहे, मधवाल्याची बायको दोन वेळचं आणून देते म्हणाली, नंतर तू म्हणशील तिथे जाईन. हे लिहिलं ते पाकिटात जे जड लागतंय त्यासाठी. उघडून टेबलावर काढ. दोन बोल्ट, दोन नट. चष्मा लाव, खिडकीपाशी उजेडात जा, आणि एकेक नट त्याच्या बोल्टवर फिरवत ने. मी काल करून पाहिलं. रंग वाळलेल्या आट्यांवर थोडा जोर लागतो, आणि मग नटावरची लाल रेघ बोल्टच्या टोकावरच्या लाल रेघेला येऊन मिळते. दोन्हींची मिळते. तू आवळले होतेस. त्या रविवारी तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, ते आज सांगते. काय राहिलं? सातव्या पायरीचे दोन बोल्ट, माझ्या पाळीचे.

तुझीच,
शिंपीण