पेला कलंडतो तेव्हा

ती. ताईला धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

काचबिंदूचे थेंब न चुकता घालतो. डोळ्यांतला दाब आटोक्यात आहे, डॉक्टर खूश आहेत. फक्त डावीकडचं दिसणं अजून थोडं आक्रसलंय. वर्षानुवर्षं औषध घेऊनही काहींचं असं होतं म्हणे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.

परवा सलूनमध्ये माझी कात्री गिऱ्हाइकाच्या कानाला लागली. ताई, तिथे काळोख दिसत नव्हता गं, तिथे कानच नव्हता. मालक भला माणूस. रागावला नाही, पण आता मला टॉवेल धुवायला दिलेत. टॉवेलला कान नसतात, तेवढंच बरं!

सूनबाईचा खोकला गेला का? दाजी अजून खुर्चीवरून हुकूम सोडतात ना?

तू मजेत लिहिलंस, हल्ली डाव्या हाताशी ठेवलेला पेला रोज कलंडतो आणि नात तुला ‘वेंधळी आजी’ म्हणते. मला हसू आलं नाही. माझं पेल्यापासूनच सुरू झालं होतं. आपल्या आबांचंही, नजर जायच्या आधी. आपण त्यांनाही हसायचो.

आज एवढं कर. उजवा डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे बघ आणि दाजींना डावीकडे बसव. मान न वळवता ते दिसले नाहीत, तर मला उत्तर लिहीत बसू नकोस. त्यांचा हात धरून आधी डॉक्टरकडे जा.

नातीला सांग, आजीला हसू नकोस.

तुझा,
धाकटा