एका ताग्यात दोन लॉट

बाबा, आज पुन्हा तुमच्यावर चिडलोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला तुम्हीच लागता.

टेमघरच्या आपल्या गाळ्यात आता कापड विणायचे लूम नाहीत, मी तिथे कॉम्प्युटर जोडून विकतो. पण दारात उभा राहिलो की तो दिवस आठवतो. सूत आलेलं नाही, बारा लूम गप्प, कारागीर बाहेर बिड्या ओढतायत आणि मी तुमच्यावर ओरडतोय, सूतवाला बदला म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणता, "उशिरा येतं, पन येतं ना? मानूस असा सोडायचा न्हाय." सुतापायी कापड खराब निघालं की व्यापारी मात्र शिव्या तुम्हाला घालायचा. सूतवाल्याचं नावही त्याला ठाऊक नसायचं.

आमच्या धंद्यातही तेच आहे. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो करणारी कंपनी वेगळी. ती दरवर्षी नवा देते म्हणते आणि जुनाच नवं नाव लावून पाठवते. तो तापतो, बॅटरी खातो, वेळेवर येत नाही. गिऱ्हाईक बोल लावतं ते खोक्यावर ज्याचं नाव त्याला. म्हणून मोठमोठे कॉम्प्युटरवाले कंटाळून दुसरीकडे गेले, एकाने तर स्वतःचाच प्रोसेसर करून घेतला. कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. दुसऱ्याच्या चुकीपायी आपलं नाव किती दिवस घालवायचं?

हे सगळं कळत असून मी थांबलो. प्रोसेसर बदलला की तो ज्यावर बसतो तो बोर्ड बदलतो, गाळ्यात जोडणी करणाऱ्या पोरांचा बसलेला हात बदलतो. तेवढ्यात एका शाळेची चाळीस मशीनची ऑर्डर आली. जुन्या कंपनीने निम्मेच प्रोसेसर दिले, उरलेले मी दुसऱ्या कंपनीचे घातले. एका ताग्यात दोन लॉटचं सूत घालायचं नाही, रंगवलं की पट्टा दिसतो, हे तुम्ही मला लहानपणी कान धरून शिकवलं होतं. तरी घातलं! शाळेच्या बाई फोनवर म्हणाल्या, "अर्ध्या वर्गाचा धडा संपतो, अर्धा वर्ग नुसता स्क्रीनकडे बघत बसतो. पुढच्या वर्षी तुमच्याकडून घेणार नाही." ती शाळा गेली. राग तुमच्यावर काढला, कारण माणूस न सोडण्याची खोड तुमचीच.

आता कंपनी पूर्ण बदललीय. जुन्या कंपनीचा माल देणारा माणूस तुम्ही पाहिला नाहीत. मला काही येत नव्हतं तेव्हा तो आठ दिवस गाळ्यात जमिनीवर बसून बोर्ड कसा बसवायचा ते शिकवत होता. तुम्ही सूतवाल्याशी भांडायचात ते त्याच्या दुकानात जाऊन, तोंडावर.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगतो. परवा तो आला होता. चहा घेतला आणि विचारलं, "भाई, अगला ऑर्डर कब?" मी म्हणालो, "अभी मार्केट ठंडा है." आणि हे बोलताना मी नव्या कंपनीच्या मालाच्या खोक्यावरच बसलो होतो.